आधी नदी ठरवा, मग मासे : मत्स्यालय बाळगणाऱ्यांना आणि मासे विकणाऱ्यांना खुले पत्र

घरात मोठी टाकी ठेवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो आणि फिशटँकच्या दुकानदार मंडळींनो,

सप्रेम नमस्कार.

"देशी मासे ठेवायचेत, काय काय घेऊ?" हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत मला जितक्या जणांनी विचारला, तितका आधीच्या दहा वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण प्रश्नासोबत जी यादी हातात येते, ती वाचून जीव खालीवर होतो. केरळचा डेनिसोनी, आसामचा चन्ना (मरळीच्या कुळातला), बंगालची लोच (तळाशी राहणारा सडपातळ, लहान मासा), कृष्णेची झेब्रा लोच आणि "जमलं तर एक महसीर". हे सगळे एकाच टाकीत. भारतातले आहेत ना, मग देशीच की, असं त्यामागचं गणित. हे पत्र त्या 'देशी' शब्दासाठी आहे. माशाचं गाव म्हणजे त्याची नदी. साताऱ्याच्या वेण्णा नदीतला मासा केरळच्या पेरियारला परकाच असतो आणि पेरियारचा वेण्णेला.

मी मूळची कऱ्हाडची. कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन भेटतात, त्या प्रीतिसंगमापासून आमचं घर चालत दहा मिनिटांवर. लहानपणी दारावर मासे घेऊन येणाऱ्या मावशी टोपलीवरचं ओलं फडकं बाजूला करून एकेका माशाचं नाव सांगायच्या: मल्या, मुरे, शिंगटी, कोळशी, वांब, मरळ. आई त्यांतले दोन-चार निवडायची आणि मी राहिलेले बघत बसायची. आता पुण्यात राहते. हॉलच्या भिंतीला लागून सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी टाकी आहे. काठोकाठ भरली तर साधारण 680 लिटर पाणी मावतं. त्या टाकीत आज फक्त कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातले मासे आहेत. इथवर यायला मला बरीच वर्षं लागली आणि वाटेत माझ्या हातून एक चूकही झाली. ती पुढे सांगते.

त्याआधी मावशींच्या टोपलीतल्या नावांबद्दल थोडं, कारण माझी नजर त्यांनीच बदलली. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी एकोणिसाव्या शतकात दख्खनची मोजदाद करत हिंडला. 1839 साली त्याने दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं लंडनला प्रसिद्ध केली. भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांतले मासे त्याने पाहिले आणि नावं देताना इथल्या लोकांच्या तोंडची नावं तशीच्या तशी उचलली. म्हणून आज जगातला कुठलाही मत्स्यशास्त्रज्ञ मराठी बोलतो. 'गारा मुल्या'तला मुल्या म्हणजे आपला मल्या. 'मिस्टस सींगटी'तली सींगटी म्हणजे शिंगटी. 'हिप्सेलोबार्बस कोलस'मधला कोलस, 'लॅबिओ बोगट'मधला बोगट आणि खडकाळ तळाशी राहणाऱ्या छोट्या लोचच्या नावातला 'मूरे', हे सगळे आपल्याच नदीकाठचे शब्द. दख्खनच्या महसीरचं नाव 'टॉर खुद्री'. हा मासा शास्त्राला पहिल्यांदा कळला तो पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत. आज त्या जागी नदीकाठी उभं राहून पाण्याकडे बघा. महसीर सोडा, मल्यासुद्धा तिथे जगणार नाही.

मला वाटतं, आपल्या छंदाचं खरं काम इथून सुरू होतं. ज्या माशांना पणजीने नाव दिलं, ते नातवंडांना निदान काचेपलीकडे तरी ओळखता यावेत. पण त्यासाठी तोच मासा नदीतून उपसून आणायचा असेल, तर नातवंडांच्या वाट्याला नुसती काच उरेल.

आता माझी चूक. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी एका दुकानातून सहा झेब्रा लोच घेतल्या. अंगावर बारीक उभ्या पट्ट्यांची नक्षी, दिवसभर एकमेकींच्या अंगावर लोळत खेळणाऱ्या, गोगलगाई खाऊन टाकणाऱ्या. किंमतही फार नव्हती. दुकानदाराने सांगितलं, "इंडियन आहे मॅडम, टिकायला एकदम कडक." मला अभिमानच वाटला. दोन वर्षांनी कळलं की ही 'बोटिया स्ट्रायाटा', म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यातल्या मोजक्या, स्वच्छ, दगडगोट्यांच्या प्रवाहांत राहणारी आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत 'संकटग्रस्त' म्हणून नोंदलेली. माझ्या माहेरच्या खोऱ्यातली! कुठल्या तरी ओढ्यात जाळं टाकून त्या धरल्या, पिशवीत भरल्या, आणि मी त्यांना 'देशी' म्हणून मिरवत होते. दुकानदाराने मला फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. त्या सहाही लोच मी शेवटपर्यंत नीट सांभाळल्या, पण नंतर एकही विकत घेतली नाही.

हे एकट्या झेब्रा लोचचं दुखणं नाही. डेनिसोनी बार्ब, ज्याला बाजारात 'मिस केरळ' म्हणतात, तो 1865 साली फ्रान्सिस डे याने केरळातल्या मुंडकयमहून शास्त्राला कळवला. पुढे शंभर-सव्वाशे वर्षं त्याच्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. मग परदेशातल्या मत्स्यालयांत त्याच्या लाल-काळ्या पट्ट्याची हवा झाली आणि केरळ-कर्नाटकातल्या नद्या उपसायला सुरुवात झाली. 2008 साली केरळला त्याच्या पकडीवर निर्बंध घालावे लागले. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने 2005 ते 2012 या काळातल्या निर्यातीचे कागद तपासले, तेव्हा दिसलं की धोक्यात आलेल्या 30 जातींचे 15 लाखांहून जास्त गोड्या पाण्यातले मासे शोभेसाठी देशाबाहेर गेले होते. आपल्यापैकी कुणी जर्मनीत किंवा अमेरिकेत बसलेला नाही, हे खरं. पण आपलीही मागणी त्याच नद्यांवर जाऊन पडते.

आणि आंबोलीचा हिरण्यकेशी. 2020 साली तिथल्या मंदिराजवळच्या उगमाच्या पाण्यात लोचची एक नवी जात सापडली, 'शिस्तुरा हिरण्यकेशी'. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने तो 2.11 हेक्टरचा परिसर जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केला. ज्या माशाचं सगळं जग दोन हेक्टरांत मावतं, त्याचे फोटो पाहून "हा कुठे मिळेल?" असं विचारणारे संदेश मी स्वतः वाचले आहेत. कृपा करून हे करू नका. त्याच्यासाठी पैसे मोजायला कुणी तयार आहे, एवढं कळलं तरी कुणीतरी रात्री बादली घेऊन तिथे जाईल.

महसीरबद्दल दोन कारणांनी लिहायला हवं. पहिलं साधं: तो आपल्या कुठल्याच टाकीत मावत नाही. आज बोटाएवढा आहे, पण हाताच्या लांबीचा व्हायला त्याला फार काळ लागत नाही. वाळण कोंडीच्या डोहात वरदायिनीच्या नावाने सांभाळलेले, पायरीशी येऊन लाह्या-फुटाणे खाणारे मासे ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. लोणावळ्याजवळ वळवणला 1970 च्या दशकापासून दख्खनच्या महसीरची पैदास झाली आणि लाखो पिल्लं तयार झाली. ते काम थोर होतं, मासा हरवू नये म्हणून तळमळीने केलेलं. पण त्यांतली पिल्लं कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा वशिंडाचा महसीर होता, आकाराने त्याहून मोठा. आपल्या खुद्रीने तिथे बस्तान बसवलं आणि कावेरीचा महसीर 2018 साली 'अतिसंकटग्रस्त' यादीत जाऊन बसला. त्याच्या ऱ्हासामागे धरणं आहेत, वाळूउपसा आहे, सुरुंग लावून केलेली मासेमारीही आहे. पण बाहेरून आलेला भाऊबंदही त्यात आहे. एवढ्या जाणत्या लोकांच्या हातून, एवढ्या चांगल्या हेतूने झालेलं काम जर असं वळण घेऊ शकतं, तर आपण टाकीतले चार मासे "बिचारे मोकळे होऊ देत" म्हणून जवळच्या तळ्यात सोडतो, तेव्हा काय होत असेल?

सोडण्याचा विषय निघालाच आहे, तर सकर या परदेशी माशाबद्दलही लिहिते. शेवाळ खातो म्हणून दोन इंचांचा सकर प्रत्येक दुकानातून प्रत्येक टाकीत जातो. तीन वर्षांत तो फूटभर होतो, झाडं उपटतो, रात्री इतर माशांच्या अंगाला चिकटतो. मग घरातलं कुणीतरी त्याला नदीत किंवा धरणात सोडून येतं. उजनीच्या मासेमारांच्या जाळ्यांत तो आता येतो. त्याच्या काटेरी चिलखताने जाळं फाटतं आणि त्याला बाजारात कुणी विचारत नाही. आधीच तिथे चिलापीने ठाण मांडलेलं, त्यात ही भर. दुकानदार मंडळी, तुमच्याकडे कुणी नको झालेला मासा परत घेऊन आलं तर तो फुकट का होईना, ठेवून घ्या. एवढा एक नियम तुम्ही आपापल्या दुकानात लावलात, तरी एखाद्या तळ्याचा जीव वाचेल.

आणि शेवाळाला उत्तर हवं असेल तर आपला मल्या आहे की! ओठांच्या मागे चकतीसारखं चूषक, त्याने तो वाहत्या पाण्यात दगडाला धरून राहतो आणि काच, दगड, पंपाची नळी सगळं खरवडून साफ करतो. वीतभर होतो, त्याहून फार नाही. माझ्याकडे पाच आहेत. सकाळी दिवा लागण्याआधी, पूर्वेच्या खिडकीतून उजेड आत आला की पाचही जण पंपाच्या धारेत डोकं वर करून बसलेले असतात.

आता टाकी भरण्याबद्दल. मी फक्त माझं सांगते, तुमची नदी वेगळी असेल तर तुमची यादीही वेगळी होईल.

मधल्या पाण्यात वीस 'महाराजा बार्ब' आहेत. नाव परदेशी बाजाराने दिलेलं, पण मासा साताऱ्याच्या डोंगरातला. 1953 साली सह्याद्रीच्या नावाने त्याचं बारसं झालं, ते वेण्णेतल्या माशावरून. जेमतेम दोन इंच. मादीचा रंग साधा असतो, नर विणीच्या दिवसांत तांबूस होतात आणि एकमेकांभोवती पंख फुलवून गोल फिरतात. ते मला एका छांदिष्टाने त्याच्या टाकीत जन्मलेले दिले. वरच्या पाण्यात बारा मलबार डॅनिओ. हे अतिशय चपळ आणि उड्या मारण्यात पटाईत, त्यामुळे टाकीला झाकण हवंच. पहिल्याच आठवड्यात दोन मला सकाळी सोफ्याखाली मिळाले, त्या दिवसापासून एक इंचाची फटही उघडी ठेवलेली नाही. तळाशी मल्या आणि सहा मुरे. मुरे आपापल्या दगडाखालची जागा राखून असतात, म्हणून माशांपेक्षा कपारी दुप्पट ठेवाव्या लागतात. असे सगळे मिळून त्रेचाळीस. जागा अजून आहे, पण मी भरणार नाही. नदीत मोकळं पाणी असतं, ते टाकीतही दिसायला हवं.

शिंगटी मी ठेवत नाही. मला फार आवडते, पण रात्री ती महाराजा बार्बना खाऊन टाकेल. डोकं चपटं असलेला छोटा चन्ना हवा असेल तर त्याच्यासाठी वेगळी टाकी करा. त्याचा नर पिल्लं तोंडात सांभाळतो, ते बघण्यासारखं असतं, पण शेजाऱ्यांना तो सोडत नाही. मरळ आणि वांब यांना घरातल्या टाकीत आणूच नका. रोहू-कटला तर मुळात गंगेकडचे, आपल्या धरणांत ते सोडले गेले म्हणून आपल्याला सवयीचे झाले.

दगड आपला काळा बेसाल्ट. तो पाण्याचा जडपणा बदलत नाही. पण नदीतून उचलू नका, दगडाच्या पोटाशी कुणाची तरी अंडी असतात. वाळू धुऊन विकत घेतलेली. देशी बदामाची आणि जांभळीची वाळलेली पानं तळाशी टाकते. झाडांमध्ये व्हॅलिस्नेरिया सहज मिळते आणि उत्तम वाढते. कासच्या पठारावरचा वायतुरा मात्र आणू नका. साताऱ्याचं नाव मिरवणारी ती वनस्पती मुळातच थोड्या जागेत उगवते. एक कंद उपटला तर पठारावर तेवढी जागा रिकामी होते.

खरी कसोटी एप्रिल-मेमध्ये लागते. डोंगरओढ्यातल्या माशांना गार आणि प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं, आणि पुण्यातला हॉल दुपारी तापतो. पाणी 30 अंशांच्या वर गेलं की मुरे पृष्ठभागाकडे येऊन धापा टाकू लागतात. मी पाण्यावर दोन छोटे पंखे लावते, त्याने दोन-तीन अंशांचा फरक पडतो. शिवाय पंपाची धार जोरात आणि बॅटरीवर चालणारा एअरपंप कायम भरलेला, कारण वीज नेमकी तेव्हाच जाते. थंडीत हीटर लागत नाही. आपल्या माशांना आपलीच थंडी असते. नळाच्या पाण्यातला क्लोरीन हायपोने (सोडियम थायोसल्फेटने) मारते. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, बघा. आणि टाकी उभारल्यावर पहिले चार ते सहा आठवडे मासे न सोडता अमोनिया पचवणारे जिवाणू तयार होऊ द्या. या बाबतीत अमेझॉनचा मासा आणि वेण्णेचा मासा यांच्यात काही फरक नाही, अमोनियाने दोघेही मरतात. आणि हो, भरलेली अशी टाकी, स्टँड, दगड मिळून वजन टनाच्या जवळ जातं. जुन्या इमारतीत राहत असाल तर आधी अभियंत्याला विचारा.

आता सगळ्यांत आनंदाची गोष्ट. सह्याद्रीतले मासे पहिल्या पावसाची वाट बघतात. मृगाचं पाणी ओढ्यांतून खाली आलं की ते उलट वर चढतात आणि अंडी घालतात. कोकणात त्यांना वलगणीचे मासे म्हणतात, घाटावर चढणीचे. हेच टाकीत करता येतं. जूनच्या सुरुवातीला मी दोन आठवडे पाणी कमी बदलते, पातळी थोडी उतरू देते आणि मग बाहेर खरोखरचा पाऊस सुरू झाला की एका संध्याकाळी गार, मऊ पाण्याने तिसरा हिस्सा बदलते. दुसऱ्या दिवशी पहाटे महाराजा बार्ब मी टाकीत सोडलेल्या लोकरीच्या झुबक्यांत अंडी टाकतात. ते झुबके लगेच वेगळ्या टबात न्यावे लागतात, नाहीतर आईबापच अंडी फस्त करतात. एक-दोन दिवसांत काचेवर पापणीच्या केसाएवढी पिल्लं चिकटलेली दिसतात. दरवर्षी बघते, दरवर्षी तासभर तिथून उठवत नाही.

म्हणून दुकानदार मंडळींना माझी विनंती आहे. मासे नदीतून येतात तेव्हा ते नेमके या चढणीच्या दिवसांत, अंड्यांनी भरलेले, सगळ्यांत सोपे सापडतात. एक मादी उचलली की तिच्यासोबत शेकडो जातात. तेव्हा देशी माशाच्या टाकीवर दोन गोष्टी लिहा: कुठल्या नदीचा, आणि टाकीत जन्मलेला की पकडलेला. माहीत नसेल तर माल देणाऱ्याला विचारा. तो सांगत नसेल तर त्याच्याकडून घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे आणि संरक्षित प्राण्यांची परिशिष्टं नव्याने लिहिली गेली आहेत. ती एकदा छापून दुकानात ठेवा. अभयारण्याच्या हद्दीतून आलेला मासा तर कुणाच्याही टाकीत येता कामा नये.

आणि आपण घेणारे? पिल्लाला दहा रुपये जास्त पडले म्हणून पकडलेला मासा घ्यायचा, हे आपण थांबवू या. ज्याच्या घरी पैदास होते, त्याला मान द्या आणि पैसेही.

मत्स्यव्यवसाय विभागाला एकच सांगायचं आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभेच्या माशांच्या पैदाशीला अनुदान आहे, सर्वसाधारण लाभार्थ्यांना 40 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के. त्यातून गप्पी, मोली, गोल्डफिशच्या जोडीला आपल्या खोऱ्यांतल्या लहान बार्ब आणि लोचची पैदास बचत गटांना शिकवा. मूळ जोड्या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली, त्या त्या नदीच्या वेगळ्या ठेवा. ज्या भोई कुटुंबांना हे मासे नावानिशी माहीत आहेत, त्यांना आधी बोलवा. पापलेट राज्यमासा झाला, छान झालं. नदीतल्या माशांनाही कुणीतरी हवं आहे.

या पावसाळ्यात पिल्लं जगली, तर ऑगस्टअखेर माझ्याकडे महाराजा बार्बची साठ-सत्तर पिल्लं असतील. ज्यांची टाकी तीन फुटांहून मोठी आहे, पाणी तयार आहे आणि वर झाकण आहे, त्यांनी यावं. पैसे नकोत. दहाच्या खाली देणार नाही, कारण ते कळपाने राहतात. परत नदीत सोडणार नाही, एवढा शब्द मात्र घेईन. प्रत्येक पिशवीवर मी मार्करने लिहून देणार आहे: वेण्णा, टाकीत जन्म. तुमच्या घरी पुढची पिढी झाली की तुम्हीही पिशवीवर तेच लिहून पुढे द्या.

आपली,
कृष्णाकाठची एक मत्स्यालयप्रेमी